शालूची तिसरी हाक

शालूच्या घरात 'साहिल' अशी हाक गेली की दोन माणसं ओ द्यायची. एक साहिल आणि दुसरा साहिलचा बाप. शालू नवऱ्याचं नाव घेत नसे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं, असं तिच्या आईने लग्नाच्या दिवशी तिच्या कानात सांगितलं होतं आणि एकवीस वर्षं तिने ते पाळलं. दवाखान्यात कुणी पतीचं नाव विचारलं तर ती आधार कार्ड पुढे सरकवायची. नवऱ्याला बोलवायचं असलं की पोराच्या नावाने हाक मारायची. नेमकं कोणाला बोलावलंय ते त्या दोघांना बरोबर कळतं, असं ती हसून सांगायची. मी तिच्याकडे कितीदा जेवायला गेले आहे. मला दोन्ही हाका सारख्याच वाटायच्या.

हे आधीच सांगून टाकते, कारण हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी कात्री लावली.

मी रीमा. डोंगरीच्या 'किनारा रेडिओ'त ध्वनिमुद्रण आणि संकलन बघते. त्याआधी सतरा वर्षं अंधेरीत जाहिरातींच्या स्टुडिओत होते. तिथे अर्ध्या सेकंदासाठी माणसं एकमेकांना शिव्या देत, आणि मी त्यातली तोंडाळ होते. ती खोड अजून गेलेली नाही. भाईंदर पश्चिमेहून रोज बसने येते, आणि बस चार मिनिटं उशिरा आली तरी कंडक्टरला ऐकवते.

आमचं स्टेशन म्हणजे बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर मशीन घरघरत असतं. कितीही गाद्या लावल्या तरी ती घरघर माइकमध्ये येतेच. सुरुवातीला मी फार डोकं पिकवून घेतलं, मग सोडून दिलं. लोक आम्हाला त्या घरघरीवरूनच ओळखतात. आमचा आवाज पंधरा किलोमीटर जातो. एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला समुद्र. आम्ही रक्तदान शिबिर घेतो, सुक्या मासळीच्या पाककृतींची स्पर्धा घेतो, शाळेच्या पोरांची चित्रकला स्पर्धाही घेतली. रेडिओवर चित्रकला स्पर्धा कशी घेतात ते विचारू नका, घेतली.

पण आमचा खरा कार्यक्रम एकच, दुपारी एकचा, 'हाक'. तो तुळशीरामकाका चालवतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे होडीचे म्होरके. घरच्यांनी होडीवरच्या माणसासाठी निरोप द्यायचा, शालूने तो फोनवर घेऊन चिठ्ठीवर उतरवायचा आणि काकांनी तो वाचायचा. बाहेर पाण्यात मोबाइलचा भरवसा नसतो, पण प्रत्येक होडीवर एखादा रेडिओ असतोच. काका निरोपाआधी त्या माणसाचं नाव तीनदा घ्यायचे. सावकाश, मध्ये जागा सोडून. "राघो... राघो... राघो. बायको सांगते, गॅस संपला हाय, तू आल्यावर बोलू." मला ते तीनदा पटत नसे. मी एकदा हिशोब मांडून दाखवला की आठवड्याला अकरा मिनिटं नुसत्या नावांत जातात. काका म्हणाले, "बाय, ती अकरा मिनिटं तेवढी कामाची असतात." मी तोंड वाकडं केलं आणि विषय संपला.

शालू स्टेशनचं कुलूप उघडायची, चहा करायची, फोन सांभाळायची आणि शनिवारी पाककृती सांगायची. तिचा नवरा महिपत दोन वर्षांपूर्वी गेला. वादळ नव्हतं, काही नव्हतं. भर दुपारी, शांत पाण्यात, अडकलेलं जाळं सोडवायला उतरला आणि वर आला नाही. चार दिवस शोधलं. शरीर मिळालं नाही, म्हणून शालूने काही विधी केले नाहीत. तो गेला असं ती कधी म्हणाली नाही. "उशीर झालाय त्यांना," म्हणायची. घरी साहिलला हाक मारायची, साहिल ओ द्यायचा, आणि त्यानंतरही ती हातातलं काम थांबवून क्षणभर कान देऊन उभी राहायची. ते बघवत नसे. मी ताटाकडे बघत बसायचे.

साहिल बारावी होऊन केबिन रोडवर मोबाइलच्या दुकानात लागला होता. ह्या वर्षी त्याने ते सोडलं आणि राघो तांडेलाच्या होडीवर जायचं ठरवलं. शालू आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने त्याला डबा बांधून दिला.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पहिल्या फेरीला निघतात. स्टेशनला नऊ वर्षं होत होती, म्हणून आम्ही विशेष कार्यक्रम ठरवला. होड्या बुधवारी निघाल्या. गुरुवारी सकाळी कारखान्याच्या आवारातच, मशीनच्या घरघरीत, मंडप घातला, आणि घरच्यांनी स्वतः माइकवर येऊन आपल्या माणसाला हाक मारायची, असं ठेवलं. ते ध्वनिमुद्रित करून मी दुपारी एकला लावणार होते. पंचवीस घरं आली. नटूनथटून आली, कुणी नारळ घेऊन, कुणी तान्हं मूल घेऊन. एका म्हातारीने माइक हातात येताच जावयाला झापायला सुरुवात केली आणि मंडप हसून लोळला. तुळशीरामकाका तेवढे नव्हते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं आदल्या दिवशी झालं होतं.

शालू सगळ्यांत शेवटी आली. स्टेशनचीच बाई, म्हणून मीच तिला शेवटी ठेवली. पदर सारखा करून ती माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहिल." मग थांबली. घरी थांबायची तशीच, कान देऊन. मग पुन्हा "साहिल." पुन्हा थांबली. मंडप गप्प झाला. मग तिसऱ्यांदा हाक मारली आणि बाजूला झाली. निरोप वगैरे काही दिला नाही.

साडेअकराला मी संकलनाला बसले. कार्यक्रमाला बरोबर तीस मिनिटं होती. दीड वाजला की कॉम्प्युटर आपोआप पुढची धून लावतो, आणि जे चालू असेल ते तिथेच तुटतं. म्हातारीचं झापणं कमी केलं, टाळ्या कमी केल्या. तरी नऊ सेकंद जास्त होते. शालूची शेवटची हाक, तिच्याआधीची शांतता धरून, नेमकी नऊ सेकंदांची होती. माझ्या मनात आलं, दोन काय आणि तीन काय. आणि शालू घरचीच, तिला वाईट वाटणार नाही. परक्या कुणाचं कापलं असतं तर भांडण झालं असतं. मी नऊ सेकंद उडवले, फाईल जतन केली, आणि रविवारच्या रक्तदान शिबिरासाठी कार्ड रिकामं हवं म्हणून मूळ मुद्रणही पुसून टाकलं. साडेबाराला मी डबा खात होते.

संध्याकाळी पाच वाजता तुळशीरामकाकांचा फोन आला. दवाखान्याच्या खाटेवर पडून डोळ्याला पट्टी आणि कानाला रेडिओ लावून त्यांनी ऐकलं होतं.

"बाय, शालूची तिसरी हाक कुठं हाय?"

"वेळेत बसत नव्हती काका. नऊ सेकंद होते."

काका म्हणाले, "पहिल्या हाकेला माणूस मान वर करतो. दुसऱ्या हाकेला उठून उभा ऱ्हातो. तिसऱ्या हाकेला चालाय लागतो. तू दोन मारून सोडलीस. आता तो पोरगा उभा ऱ्हायला ना."

"काका, रेडिओ आहे तो. मंत्र नाही."

"मग चाळीस वर्सं होडीवर मी काय उगाच तीनदा बोंबललो?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला राग आला. ऑपरेशन झालेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तो राग मी बसमध्ये खिडकी न सोडणाऱ्या माणसावर काढला.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी स्टेशनवर पोचले तेव्हा शालू फोनवर होती. भाईंदर पश्चिमेच्या कुणी बाई कालच्या कार्यक्रमाचं कौतुक करत होत्या. शालूने फोन माझ्याकडे दिला. बाई म्हणाल्या, "सगळं छान होतं. आणि ते शेवटी हाकेला कुणीतरी ओ देतं ना, ते तर अगदी खरं वाटलं. अंगावर काटा आला. कोणाचा आवाज घेतलात?"

मी म्हटलं, आम्ही तसं काही घातलेलं नाही. बाई म्हणाल्या, "असं कसं, मी ऐकलं ना."

आम्ही हवेत जे जातं ते सगळं वेगळं मुद्रित करून ठेवतो. नियमच आहे तसा. आमचा इंजिनीअर पराग, ट्रान्समीटर सांभाळणारा शांत पोरगा, त्याने कालचं ते मुद्रण काढलं. आधी वेळ बघितली. माझा कार्यक्रम मी बरोबर तीस मिनिटांचा केला होता. हवेत तो तीस मिनिटं नऊ सेकंद चालला होता. पुढची धून दीड वाजून नऊ सेकंदांनी लागली होती.

"कॉम्प्युटर असं करतच नाय," पराग म्हणाला. "तो थांबत नाय कोणासाठी."

मग त्याने शेवट लावला. शालूची पहिली हाक. खालच्या मशीनची घरघर. दुसरी हाक. आणि त्यानंतर घरघर बंद झाली. नऊ वर्षांत जी मला कधी काढता आली नाही ती घरघर चाकूने कापल्यासारखी गेली. नुसती शांतता, आणि तिच्या तळाशी एका पुरुषाची ओ. जाड, ओढलेली, झोपेतून उठलेल्या माणसाची असते तशी. मग घरघर परत आली आणि धून लागली.

मी घाबरले. उगाच शूरपणा दाखवत नाही. परागने मी जतन केलेली फाईल लावून बघितली. तिच्यात काही नव्हतं, दोन हाका आणि शेवट. मी कापलेले नऊ सेकंद हवेत मात्र होते. फक्त त्यांत शालू नव्हती.

शालू दारात उभी होती. हातातला चहाचा ट्रे तिने सावकाश टेबलावर ठेवला आणि खाली लादीवर बसली. कोणाचा आवाज ते तिला विचारायची गरज नव्हती. मीही तो आवाज तिच्या घरी जेवताना शंभरदा ऐकला होता.

तेवढ्यात फोन वाजला. शालूनेच उठून उचलला, तिचं कामच ते. राघो तांडेल होता. मध्ये मध्ये आवाज तुटत होता, म्हणून तिने स्पीकर लावला.

"शालू, घाबरू नको, पण ऐक. साहिल काल दुपारपास्नं उभा हाय."

"उभा म्हणजे?"

"रेडिओ ऐकत बसला होता, तुझी हाक आली, उठला. तवापास्नं बसला न्हाय. जेवला न्हाय, झोपला न्हाय, बोलत न्हाय. चौघांनी दाबून बसवाय बघितला, गुडघा वाकत न्हाय त्याचा. पाण्याकडं तोंड करून उभा हाय."

"होडी घेऊन ये ना परत," शालू म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"तेच तर सांगतोय. होडी किनाऱ्याकडं वळवली की पोरगा कडेकडं पाऊल टाकतो. दोनदा बघितलं. कमरेला दोर बांधून दोघंजण धरून बसलेत. म्हणून नांगर टाकून थांबलोय." मग तो म्हणाला, "आनि होडी एका बाजूला कलतेय शालू. साहिलच्या बाजूला. एका पोराचं वजन ते केवढं. दोघं उभं असल्यागत कलतेय."

शालूने फोन साहिलच्या कानाला लावायला सांगितला आणि म्हणाली, "बाळा, ये घरी." दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. पलीकडे पाण्याचा आवाज आला आणि काही नाही. मग राघो परत बोलला, "न्हाय. ऐकतच न्हाय."

मी त्याच फोनवरून तुळशीरामकाकांना लावलं. काकांनी मला एकदाही बोल लावला नाही, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "शालू घरात नवऱ्याला कसं बोलवायची?"

मी सांगितलं.

"मग दोघं उठलेत," काका म्हणाले. "हाक एक आनि उठले दोघं. फोनवरनं उपेग न्हाय. जिथनं दोन हाका गेल्या तिथनंच तिसरी जाया हवी. एक वाजता, रेडिओवरनं."

"मग शालूला बसवते माइकवर. तिसरी हाक मारेल ती."

"नाव कोणाचं घेईल?"

"साहिलचंच."

"आनि मग दोघं निघतील. बाप पुढं चालंल, पोरगा मागनं. बापाची वाट कुठनं हाय, तुला ठाव हाय ना बाय?"

मला ठाऊक होतं. पाण्यातून होती.

"वेगळं करा त्यांना," काका म्हणाले. "ज्याला आणायचं त्याला त्याच्या नावानं, आनि ज्याला ठेवायचं त्याला त्याच्या नावानं. दुसऱ्या कोणी बोलून चालायचं न्हाय. ज्या तोंडानं उठवलं त्याच तोंडानं."

स्पीकर चालूच होता. शालूने सगळं ऐकलं होतं. साडेअकरा वाजले होते. ती उठली, गच्चीवर गेली आणि समुद्राकडे बघत कठड्याशी उभी राहिली. खाली बर्फाच्या लाद्या टेम्पोत चढवत होते, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, कडक ऊन होतं. इतक्या उजेडात असं काही घडत असतं ह्यावर माझा विश्वास बसत नव्हता. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "शालू, मी चुकले. मला माफ कर."

"नाव घेतलं की माणूस मरतो, रीमाताई," ती म्हणाली. मी काय बोलले ते तिने ऐकलंही नव्हतं. "मी घेतलं न्हाय म्हणून तर ते हायत अजून. उशीर झालाय, पण हायत. काल त्यांनी ओ दिली ना. तुमीपण ऐकली."

"ऐकली."

"दोन वर्सांनी दिली. मी रोज वाट बघायची त्या ओची. आनि आता मीच..." तिने वाक्य सोडून दिलं. मी तिचा हात धरला. तिला नवरा आणि पोरगा ह्यांतला एक निवडायला मी लावलं होतं, नऊ सेकंदांसाठी.

एकला पाच मिनिटं कमी असताना ती आत आली. तोंड धुतलं, पदर सारखा केला, काल मंडपात केला होता तसाच. राघोला फोन करून होडीवरचा रेडिओ मोठा ठेवायला सांगितला होता. परागने आपल्या मोबाइलवर राघोचा फोन चालू ठेवला. आज निरोप घ्यायचे नाहीत, धून लावायची नाही, असं मी ठरवलं. एक वाजला, लाल दिवा लागला आणि मी शालूला हाताने खूण केली.

ती बोलली नाही.

रेडिओवर शांतता म्हणजे आमच्या धंद्यात मोठा गुन्हा. पाच सेकंद झाले की लोक सुई फिरवतात, असं मी नव्या पोरांना दहादा सांगितलं आहे. मी घड्याळाकडे बघत होते. दहा सेकंद. वीस. मशीनची घरघर कानात चालू होती. शालू माइककडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. एकवीस वर्षं जो शब्द तोंडातून काढला नाही तो तिला येत नव्हता. चाळीस सेकंद. परागने फोन कानाला लावला होता, तो हळूच म्हणाला, "साहिल पुढे सरकतोय."

आणि घरघर थांबली.

खाली मशीन चालू होतं. पायाखालची लादी थरथरत होती, ती मला तळव्यांना कळत होती. पण हेडफोनमध्ये काही नव्हतं. कालच्यासारखीच शांतता, आणि कुणीतरी जवळ, अगदी जवळ, कान देऊन उभं असल्यासारखं.

"महिपत," शालू म्हणाली.

अगदी हळू म्हणाली. नवीन शिकलेला शब्द म्हणावा तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलंही नाही.

"महिपत, बसा तुमी." मग तिने श्वास घेतला. "मी रोज साहिलला हाक मारून तुमची वाट बघायची. दोन वर्सं उभं केलं मी तुमाला. पाय दुखले असतील. बसा आता. आमी बघतो आमचं."

हेडफोनमध्ये लाकूड करकरलं. होडीच्या फळीवर दमलेला माणूस टेकला की करकरते तसं, एकदाच.

शालूने ते ऐकलं असावं. तिने डोळे मिटले, उघडले, आणि मोठ्याने, मंडपात मारली होती त्याहून कितीतरी मोठ्याने हाक मारली. "साहिल. ये."

घरघर परत आली. मी लाल दिवा बंद केला तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती. पुढची अठ्ठावीस मिनिटं त्या दिवशी किनारा रेडिओवर काहीच लागलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे एकाही माणसाने तक्रार केली नाही. परागच्या फोनवर राघो ओरडत होता. पोरगा मटकन खाली बसला होता आणि पाणी मागत होता.

संध्याकाळी होडी धक्क्याला लागली. साहिलचे पाय सुजले होते, दोघांनी धरून उतरवला. शालूने त्याला मिठी मारली नाही. त्याच्या तोंडावरून हात फिरवला, दंड चाचपले, बाजारात मासळी बघते तसं नीट बघितलं. मग ती राघोशी बोलायला वळली आणि साहिल माझ्याजवळ जाळ्यांच्या ढिगावर टेकला.

"मावशी," तो म्हणाला, "आईची तिसरी हाक आलीच नाही काल."

"मी कापली रे. वेळेत बसत नव्हती."

त्याने मान हलवली. रागावला नव्हता. "तिसऱ्या हाकेवरनं कळायचं आम्हाला. पहिल्या दोन सेमच असतात. तिसरीत बाबांना बोलवायचं असलं की आईचा आवाज जरा खाली येतो. मग मी बसायचो आणि ते उठून जायचे. लहानपणापासून तसंच होतं." त्याने सुजलेला पाय पुढे घेऊन चोळला. "काल दोन आल्या आणि बंद. बाबा शेजारीच उभे होते. त्यांनापण कळेना कोणाला बोलावलंय. आम्ही दोघं आपले थांबलो."

इतकी वर्षं आवाजांचं काम करते, अर्धा सेकंद कानाने पकडते, आणि त्या घरी जेवताना मी पहिली हाक ऐकून पुढे लक्षच दिलं नव्हतं.

"दिसले तुला?" मी विचारलं.

"पाठमोरे होते. किनाऱ्याकडे तोंड करून. आपलं घर कुठल्या बाजूला आहे ते बघत होते."

हे त्याने आईला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

तुळशीरामकाका पट्टी काढून पंधरा दिवसांनी परत आले. 'हाक' आता चाळीस मिनिटांचा केला आहे आणि कॉम्प्युटरची आपोआप लागणारी धून त्या वेळेपुरती मी स्वतः बंद करून ठेवते. शालू फोन घेते, चिठ्ठ्या लिहिते, चहा करते. गेल्या महिन्यात तिने घरी भटजी बोलावले, जे करायचं राहिलं होतं ते केलं. भटजींनी नाव विचारलं तेव्हा तिने सांगितलं.

परवा तिच्याकडे जेवायला गेले होते. साहिल बाहेर ओट्यावर जाळं विणत होता. शालूने आतून हाक मारली, तीनदा. मी ह्या वेळी तिन्ही नीट ऐकल्या. बाहेरून एकच ओ आली. शालू थांबली नाही, भात वाढायला लागली. कान देऊन थांबले होते ती मी.